कार्य घरचे, उचल कोणाची?

समारंभ पार पाडून देण्याचा धंदा काढावा, असे आमच्या मंडळातील काही भगिनींच्या मनात आहे. मांडव, आचारी, हळदीकुंकू सारे त्या निभावतील, याची मला शंका नाही. अडते ते भांडवलापाशी. पैसे कार्य उरकल्यावर मिळायचे, वाणी मात्र आधी मागतो.

गिरणगावातील खाणावळवाल्यांची अडचण हीच होती. कोणी बोटीने, कोणी आपल्या पनवेलवरून मुंबईस गेलेले कोकणी कामगार त्यांच्याकडे जेवत आणि पगार झाला की पैसे देत. तोवर वाणसामान उधारीचे, कर्ज सावकाराचे! १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले खरे. पण या बायकांपाशी तारण ठेवण्याजोगे होते काय?

गोवा मुक्तिलढ्यात उतरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. बायकांचे गट केले. एकीच्या कर्जाला बाकीच्या जामीन. बँकेने कर्ज दिले. १९८२ च्या संपात जेवणारे गावी परतले, खाणावळी ओस पडल्या. मंडळ मात्र टिकले, आणि बाहेरच्या जेवणाच्या ऑर्डरीही घेऊ लागले.

तेव्हा धंद्याचे नाव ठरविण्याआधी एकमेकींना जामीन कोण राहणार, ते पुढच्या बैठकीत ठरावे. भांडी तूर्त भाड्याने आणता येतील.