सर्व्हरसाठी ऑपरेटिंग सिस्टीमची निवड : एक ऐतिहासिक आढावा

महाविद्यालयाच्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी, हा प्रश्न तुम्हाला निव्वळ तांत्रिक वाटेल. वेग किती, मेमरी किती लागते, किंमत काय, एवढे पाहिले की काम झाले, असा आपला समज असतो. इतिहास पाहिल्यास या निवडीवर परवाना, न्यायालयीन वाद आणि दुरुस्तीची जबाबदारी या तीन गोष्टींचा मोठा प्रभाव दिसतो. प्रस्तुत पाठात आपण त्यांचाच मागोवा घेणार आहोत.

१. युनिक्सचा प्रसार

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. ही प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची होती. मक्तेदारीविरोधी खटल्यातील १९५६ च्या तडजोडीमुळे या कंपनीला दूरसंचाराबाहेरच्या व्यवसायात उतरता येत नव्हते. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह मिळू लागली. हमी किंवा दुरुस्तीसेवा मात्र नव्हती. दोष आढळला तर तो ज्याचा त्यानेच शोधायचा. सोर्स कोड हाती असल्याने ते शक्य होते. विद्यापीठे एकमेकांना दुरुस्त्या पाठवू लागली आणि त्यातून जाणकारांची एक पिढी घडली.

१९८४ मध्ये एटी अँड टीचे विभाजन झाले आणि हे बंधन सुटले. युनिक्स आता विक्रीची वस्तू झाली. सन, एचपी, आयबीएम यांनी आपापल्या यंत्रांसाठी आपापली युनिक्स काढली. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टीम निवडणे म्हणजे सहसा एका कंपनीच्या यंत्राशी बांधून घेणे ठरले.

२. बर्कलीचा खटला

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील गटाने युनिक्समध्ये मोठी भर घातली. १९८३ च्या ४.२ बीएसडी या आवृत्तीत इंटरनेटचे टीसीपी/आयपी नियम अंतर्भूत होते. १९९२ मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स विभागाने बीएसडीविरुद्ध खटला भरला. १९९४ मध्ये तडजोड झाली, तेव्हा सुमारे १८,००० फाइलींपैकी केवळ ३ काढाव्या लागल्या. परंतु मधली दोन वर्षे बीएसडीच्या भवितव्यावर प्रश्नचिन्ह होते. गुणवत्तेत ती कमी नव्हती. तिच्या मालकीविषयीच शंका होती.

३. लिनक्स आणि विंडोज एनटी

याच काळात दोन नवे पर्याय आले. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिनक्स प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आणली. या परवान्यानुसार सुधारित आवृत्ती वितरित करणाऱ्याला तिचा सोर्स कोडही द्यावा लागतो. १९९३ मध्ये मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी आली. तिचा सोर्स कोड बंद होता, पण ओळखीच्या खिडक्या आणि माउस यांमुळे कार्यालयांना ती सोयीची वाटली. दोन्ही स्वस्त पीसीवर चालत. महागड्या युनिक्स यंत्रांची मागणी त्यानंतर घटत गेली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्वच यंत्रे लिनक्सवर चालतात.

४. सेंटओएसचा धडा

रेड हॅट ही कंपनी आपल्या एंटरप्राइज लिनक्ससाठी वर्गणी घेते. तिच्याच सोर्स कोडवरून २००४ पासून सेंटओएस विनामूल्य तयार होऊ लागली आणि असंख्य संस्थांनी ती स्वीकारली. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली गेला. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे गृहीत धरून अनेकांनी सर्व्हर उभे केले. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीने ही मुदत २०२१ अखेर संपेल, असे जाहीर केले. म्हणजे आठ वर्षांचा हिशेब एका वर्षावर आला! सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा सर्व्हर इंटरनेटवर ठेवणे धोक्याचे असते. म्हणून व्यवस्थापकांना घाईने स्थलांतर करावे लागले. मात्र सोर्स कोड खुला असल्याने २०२१ मध्येच अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे पर्याय उभे राहिले. खुल्या परवान्याने मुदतीची हमी दिली नाही, पण बाहेर पडण्याची वाट ठेवली.

५. भारतातील धोरण

सी-डॅकने २००७ मध्ये डेबियनवर आधारित बॉस लिनक्स ही भारतीय भाषांना आधार देणारी सिस्टीम आणली. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ई-गव्हर्नन्ससाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. सार्वजनिक नोंदी दीर्घकाळ जपायच्या असल्याने एकाच विक्रेत्यावरचे अवलंबित्व टाळणे येथे विशेष महत्त्वाचे ठरते.

सारांश

उद्या तुमच्यावर अशी निवड करण्याची वेळ आली, तर तीन प्रश्न विचारा : दुरुस्त्या किती वर्षे मिळतील? त्या कोण देणार? आणि त्याने हात वर केले, तर आपला डेटा व प्रोग्रॅम घेऊन दुसरीकडे जाता येईल का?

स्वाध्याय

१. १९५६ च्या तडजोडीचा युनिक्सच्या प्रसाराशी असलेला संबंध स्पष्ट करा.
२. 'विनामूल्य सॉफ्टवेअरलाही किंमत असते.' सेंटओएसच्या उदाहरणाने चर्चा करा.