पाटील आणि पटेल : एका हुद्द्याची दोन आडनावे

ब्रिटनमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पन्नास आडनावांत ‘पटेल’ या आडनावाचा समावेश होतो, आणि लंडनच्या वायव्येकडील वेम्बली-हॅरो परिसरात किंवा लेस्टर शहरात तर ते स्मिथ आणि जोन्स यांच्याइतकेच सरावाचे झाले आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत त्याच शब्दाचे मराठी रूप, म्हणजे ‘पाटील’, घरोघरी उच्चारले जाते. परंतु तेथे ते एकट्याने आडनाव म्हणून कमी आणि कुळाच्या आडनावामागे जोडून अधिक येते. वळसे पाटील आणि आढळराव पाटील ही आंबेगावच्या राजकारणामुळे राज्यभर परिचित झालेली दोन नावे याच घडणीची आहेत. एका हुद्द्याच्या नावाने एके ठिकाणी कुळाचे नाव गिळून टाकावे आणि दुसऱ्या ठिकाणी त्याच नावाने कुळाच्या मागे शेपटासारखे राहावे, या भेदाचे मूळ भाषेत सापडत नाही. ते जमीनधाऱ्याच्या आणि वतनाच्या इतिहासात शोधावे लागते.

शब्दाची परंपरा जुनी आहे. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतील ताम्रपटांत दानाची आज्ञा ज्यांना उद्देशून दिली जाते, त्यांत गावच्या रहिवाशांबरोबर ‘पट्टकिल’ या अधिकाऱ्याचा उल्लेख ठरावीक साच्यात येतो. पट्ट म्हणजे राजाज्ञेचा लेख किंवा सनद, आणि तो ज्याच्या हाती तो पट्टकिल, असा या शब्दाचा सर्वसाधारणपणे अर्थ लावला जातो. त्यापासूनच मराठीत पाटील आणि गुजरातीत पटेल ही रूपे सिद्ध झाली. त्यापूर्वीच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत गावप्रमुखाला ‘ग्रामकूट’ म्हटलेले दिसते, तर कानडी मुलखात तोच अधिकारी ‘गावुंड’ म्हणजे पुढचा गौड किंवा गौडा झाला. सुलतानी अमलात त्याला ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे असणारा, हे अरबी नाव मिळाले आणि मराठी कागदांत ते ‘मोकदम’ होऊन पाटलाच्या शेजारी येऊन बसले.

हे सारे हुद्दे होते, आडनावे नव्हती. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत कोणी दाता आपण यवन असल्याचे सांगतो, कोणी आपले गाव सांगतो, कोठे धान्य विकणाऱ्यांची श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ दाता असतो, तर मानमोडीच्या डोंगरातील लेखात नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम आपले गोत्र वत्स असल्याचे नोंदवतो. ओळखीची ही साधने पुढे शतकानुशतके चालत राहिली आणि प्रसंगानुसार बदलत राहिली. पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे, प्रत्येक कागदावर तेच उमटणारे आडनाव ही त्यामानाने अलीकडची गोष्ट आहे. इ.स. १६४६ मधील रांझे गावच्या पाटलाचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. बदअमल केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी ज्याचे हातपाय तोडण्याची शिक्षा दिली, त्या बाबाजीचे आडनाव गुजर होते आणि मोकदमी हा त्याचा हुद्दा होता. शिक्षेनंतर ती पाटीलकी गुजर कुळातल्याच दुसऱ्या इसमाला देण्यात आली. पाटीलकी काढून घेता येत होती, देता येत होती. गुजर हे नाव मात्र कुळाचेच राहिले. शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवाजी महाराजांचे भोसले घराणेही मुळात पुणे प्रांतातील हिंगणी, बेरडी आणि देऊळगाव येथल्या पाटीलकीचे होते, पण त्या घराण्याने पाटील हे आडनाव कधी लावले नाही. उत्तर हिंदुस्थानात दरारा निर्माण करणाऱ्या महादजी शिंद्यांना कण्हेरखेडच्या पाटीलकीचा एवढा अभिमान होता, की बादशाही किताबांपेक्षा त्यांना ‘पाटीलबावा’ म्हणवून घेणे अधिक रुचे. तरीही इतिहासाच्या पानांवर ते शिंदेच राहिले.

प्रांत जुन्नरातील गावे तर्फांमध्ये, म्हणजे गावांच्या लहान महसुली गटांमध्ये, वाटलेली होती आणि त्या व्यवस्थेची खूण आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे तर्फे घोडे, महाळुंगे तर्फे आंबेगाव या गावांच्या नावांत अजून टिकून आहे. अशा प्रत्येक गावात पाटील हा वतनदार असे. वतन म्हणजे कामाच्या मोबदल्यात वंशपरंपरेने चालणारा हक्क, आणि पाटलाचे काम म्हणजे पडीक जमीन लागवडीस आणणे, कुळकर्ण्याच्या साहाय्याने सारा वसूल करून सरकारात भरणे, चोरी-दरोड्याचा तपास लावणे आणि तंटे गोतसभेपुढे, म्हणजे गावातील वतनदार आणि बलुतेदार यांच्या एकत्र बैठकीपुढे, मांडणे. या बैठकीचा निवाडा ज्या कागदावर लिहिला जाई तो महजर. त्याच्या खालच्या भागात साक्षीदारांच्या नावांपुढे ज्याच्या त्याच्या धंद्याची खूण काढलेली असे, आणि पाटलाच्या नावापुढे नांगर काढला जाई. अमुक बिन अमुक, मोकदम, मौजे अमुक, अशी ओळ आणि शेवटी दोन-चार रेघांत उमटवलेला तो नांगर, एवढ्यावर त्या माणसाची ओळख पुरी होई.

या वतनाला जमिनीच्या इनामाबरोबर हक्क आणि मानपान जोडलेले होते. तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा हे हक्क. होळीत पहिली पोळी पाटलाची, पोळ्याच्या दिवशी वेशीतून पहिली बैलजोडी पाटलाची, विडा आणि टिळा प्रथम पाटलाला, हे मान. बाहेरच्याला किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली, कारण मान हीच मालकीची जाहीर नोंद होती. सारा थकला किंवा दुष्काळ पडला म्हणजे पाटील आपली निमी पाटीलकी विकत असे, आणि मग विक्रीच्या कागदात कोणाचा बैल पुढे, कोणाचे नाव आधी, नांगर कोणी काढायचा, याची बारीक वाटणी लिहिली जाई. भाऊबंदांत वतनाच्या तक्षिमा म्हणजे वाटे पडत, आणि एकाच गावात थोरल्या व धाकट्या पातीचे निरनिराळे दावेदार उभे राहत. ज्या गोष्टीची खरेदी होते, वाटणी होते आणि जिच्यासाठी माणसे पुण्या-साताऱ्यापर्यंत फिर्याद नेतात, ती गोष्ट शेजाऱ्याने नुसती नावामागे लावलेली कोण खपवून घेईल? जुन्नर-आंबेगावात हा शब्द सर्वांचा झाला नाही, याचे मुख्य कारण येथे आहे. ओतूरला डुंबरे, मंचरला बाणखेले, नारायणगावला पाटे अशी एकेका कुळाची मोठी वस्ती असलेली ही गावे आहेत. कुळाचे आडनाव सगळ्या भाऊबंदांचे, पण पाटीलकी त्यातल्या एखाद्याच शाखेची.

हा हुद्दा कोणा एका जातीचाही नव्हता. मराठा, माळी, धनगर, लिंगायत, जैन, मुसलमान अशा अनेक समाजांत पाटील होते, आणि जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात, जेथे महादेव कोळ्यांची वस्ती दाट आहे, तेथील गावांत कोळी पाटील होते. त्यामुळे ‘पाटील’ या शब्दावरून जात ओळखू पाहणारा महाराष्ट्रात हमखास फसतो.

गुजरातेतील खेडा जिल्ह्यात, चरोतर या सुपीक पट्ट्यात, परिस्थिती वेगळी होती. तेथील अनेक गावे ‘नरवा’ पद्धतीची होती, म्हणजे गावाच्या साऱ्याची जबाबदारी हिस्सेदार कुटुंबांनी सामाईक घेतलेली असे आणि जमीन त्यांच्यात पट्ट्यांनी वाटलेली असे. पट्टी धारण करणारा तो पाटीदार. सरकारपुढे उभे राहणारे असे एक घर नसून अनेक घरे होती, म्हणून पटेल ही पदवीही एका घराची न राहता साऱ्या हिस्सेदारांची झाली; पुढे कणबी समाजातील ज्या कुटुंबांची भरभराट झाली त्यांनीही पाटीदार ही ओळख आणि पटेल हे नाव स्वीकारले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नाव जवळजवळ एका मोठ्या समाजाचे सामान्यनाम बनले होते. सगळेच पटेल असल्यावर माणूस ओळखायचा कसा, हा प्रश्न चरोतरात गावाच्या नावाने सोडवला गेला. करमसद, नडियाद, सोजित्रा, भादरण, धर्मज आणि वसो ही सहा गावे ‘छ गाम’ म्हणून विवाहसंबंधांचे एक वर्तुळ मानली गेली, आणि पटेल कोठला, हे विचारल्याशिवाय सोयरीक जुळत नसे. भरूच-सुरतेकडील वोहरा मुसलमानांतही पटेल आहेत, आणि इंग्लंडात पूर्वीच्या लँकेशरमधील बोल्टन, ब्लॅकबर्न या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरांत स्थायिक झालेले पटेल पुष्कळसे त्यांच्यापैकी आहेत.

चरोतरातील पटेल पूर्व आफ्रिकेत गेले ते मुख्यतः व्यापारी आणि कारकून म्हणून, १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाल्यानंतर वाढत्या प्रमाणात. साम्राज्य मावळताना त्यांच्यापैकी अनेकांकडे ब्रिटिश पारपत्रे होती. केनियातून १९६७-६८ मध्ये लोक निघू लागले, तेव्हा ब्रिटनने घाईघाईने कायदा करून दार अर्धे लोटून घेतले. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाईंना ९० दिवसांची मुदत दिली, तेव्हा मात्र २७ हजारांहून अधिक माणसे ब्रिटनमध्ये आली. लेस्टरच्या नगरपरिषदेने युगांडातील वृत्तपत्रात जाहिरात देऊन तेथे येऊ नका असे सुचवले होते. आज त्या शहराची ओळख या लोकांवाचून सांगता येत नाही. वृत्तपत्रांची आणि किराणा मालाची कोपऱ्यावरील दुकाने, औषधांची दुकाने, पुढे राजकारण अशा वाटांनी पटेल हे नाव रुळले, आणि २०१९ ते २०२२ या काळात ब्रिटनच्या गृहमंत्रिपदी प्रीती पटेल होत्या.

इंग्रजांना हुद्द्याचे आडनाव होणे नवे नव्हते. त्यांच्या मध्ययुगीन खेड्यात जमीनदाराच्या वतीने शेतीकामावर देखरेख करणारा ‘रीव्ह’ असे, आणि रीव्ह व रीव्ह्ज ही आडनावे अजून चालू आहेत. जर्मनीत गावप्रमुखाच्या ‘शुल्टहाइस’ या पदावरून आलेले शुल्त्स हे नाव तर अतिसामान्य आहे. पाटलाला त्याचे खरे सोयरे शोधायचे झाल्यास ते तेथे आहेत.

पटेल समुद्रापार गेले, पण जुन्नर-आंबेगावचा माणूस पोटासाठी बाहेर पडला तो मुख्यतः मुंबईकडे. गिरण्या, भाजीबाजार, माथाडी काम आणि डबेवाल्यांची टोळी ही त्याची ठिकाणे. महाळुंगे पडवळचे बाबू गेनू, ज्यांनी १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी मालाच्या ट्रकपुढे मुंबईत प्राण दिले, तेही याच वाटेने गेले होते. ब्रिटनमध्ये मराठी माणसे पूर्वीपासून आहेत, लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये स्थापन झाले. परंतु ती शिक्षण, वैद्यक आणि अलीकडे संगणकाच्या नोकऱ्यांनिमित्त एकेकटी गेली, गावे उठून गेली नाहीत. म्हणून तेथे पाटील हे आडनाव आढळते, पण पटेलांसारखे एखाद्या शहराच्या मोहल्ल्यात दाटलेले नाही. त्यातही ते धारण करणारे बहुधा खानदेश, सांगली, कोल्हापूर किंवा बेळगाव या भागांतून आलेले असण्याची शक्यता अधिक, कारण त्या भागांत नुसते ‘पाटील’ लिहिण्याचा प्रघात पुष्कळ आहे.

विशेष म्हणजे इंग्रज अमलाने दोन्ही शब्द एकच करून टाकले होते. १८१९ च्या अहवालात ब्रिटिश प्रशासक एल्फिन्स्टनने मराठी पाटलाला ‘पोटेल’ असे लिहिले, आणि पुढे सरकारी इंग्रजीत ‘पटेल’ हेच लेखन स्थिर झाले. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने वतनदारांच्या अधिकृत नोंदी केल्या, त्यामुळे कोण पाटील आणि कोण नुसता भाऊबंद, हे पुस्तकात कायम झाले. शाळेच्या दाखल्यावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा तीन भागांचा साचा आला, तेव्हा पाटीलकी असलेल्या घरांनी कुळ आणि हुद्दा दोन्ही एकाच रकान्यात बसवले. स्वतंत्र महाराष्ट्राने १९६२ मध्ये महसुली पाटलाचे पद रद्द केले आणि १ जानेवारी १९६३ पासून त्याचे काम तलाठ्याकडे गेले. त्या कायद्याच्या इंग्रजी नावातही शब्द आहे ‘पटेल’च.

पद गेले, पण नाव राहिले. आणि चमत्कारिक रीतीने पदही एका रूपात उरले. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानुसार पोलीस पाटलाची नेमणूक होते, ती वंशपरंपरेने नव्हे तर अर्ज, परीक्षा आणि आरक्षणाच्या नियमांनी. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांसाठी ती उपविभागीय अधिकाऱ्याकडून, म्हणजे लोक ज्यांना प्रांतसाहेब म्हणतात त्यांच्याकडून, होते, आणि गावचा पोलीस पाटील कोणत्याही जातीचा, कोणत्याही आडनावाचा, पुरुष किंवा स्त्री असू शकतो. पोलीस पाटलाची सही आता नांगराने होत नाही, आणि ‘पाटील’ हा शब्द त्याच्या किंवा तिच्या नावामागे राहतो तो नेमणुकीची मुदत संपेपर्यंतच.