वासुदेवाच्या टोपीतला प्रकाश

तुमच्या खिशात काचेची एक चकती आहे, करंगळीच्या नखापेक्षा कितीतरी लहान. तिच्यावर लाखो खांब उभे आहेत, एकेक खांब केसाहून शेकडो पट बारीक. पीएचडीची चार वर्षं तुम्ही या खांबांपायी घालवलीत. ती चकती असू द्या तिथेच, आणि चालत्या गाडीतून उडी टाका.

घाबरू नका. मूर्तिजापूरहून अचलपूरकडे निघालेली ही छोट्या रुळांची गाडी इतकी निवांत चालते, की दर्यापूरचं बनोसा स्टेशन यायच्या आधीच पोरं भराभर उतरतात. साधारण १९३० सालातली थंडी आहे. डोळ्यात कोळशाची कणी गेली ना? चोळू नका, पाणी येऊ द्या.

दर्यापूरच्या रस्त्यावर कापसाच्या बंड्यांची रांग लागली आहे. बैलांच्या नाकातून वाफा निघताहेत. ओलं शेण, बिडीचा धूर आणि सरकीचा तेलकट वास एकदम अंगावर येतो. जिनाचा भोंगा वाजतो, रुई हवेत तरंगत येऊन नाकात शिरते आणि तुम्ही सटासट शिंकता. "बाजूले व्हा ना बाप्पा!" मागून बंडीवाला ओरडतो. घसा कोरडा पडलाय. ओट्यावरची म्हातारी लोटा पुढे करते. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं होतं: खारट! पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला हा खारपाणपट्टा. इथे रोज हेच पाणी पितात, यातच वरण शिजवतात.

शेजारच्या ओट्यावर वैद्यबुवा बसलेत. समोरच्या बाईचा चेहरा सुजलेला. बुवा तिची नाडी धरतात, जीभ उन्हाकडे करून बघतात, मग घोट्यावर अंगठा दाबतात. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहतो. बराच वेळ राहतो. आत काय बिघडलंय ते अंगठ्याला जेवढं कळलं तेवढंच. क्ष-किरणांचं यंत्र जगात आलंय, पण ते मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांत.

तेवढ्यात चिपळ्या वाजतात. वासुदेव! पायघोळ अंगरखा, डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी. तो मान वळवतो आणि कोवळ्या उन्हात पिसांवर हिरवा, निळा, तांबूस रंग सरकत जातो. मूठभर ज्वारी झोळीत टाका आणि एक पीस मागून घ्या. आता ते सूर्यावर धरून आरपार बघा. रंग गेला, नुसता मातकट तपकिरी उरला. हा रंग कुणी भरलेलाच नाही. पिसाच्या तंतूंत मेलॅनिनच्या काड्या ओळीने रचलेल्या असतात, मिलिमीटरच्या सहा-सात हजाराव्या भागाइतक्या अंतरावर. अंतर जरा बदललं की निळ्याचा हिरवा होतो. रॉबर्ट हूकने १६६५ सालीच लिहून ठेवलं होतं, की पीस भिजलं की रंग मावळतो.

तुमच्या खिशातले खांब याच जातीचे. काम मात्र वेगळं: पीस ठरावीक रंग परतवतं, तुमची चकती प्रकाशाला हवं तिथे एका बिंदूत आणते. जाड भिंग जिथे मावणार नाही अशा बारीक नळीच्या टोकावर ती बसते. हार्वर्ड आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशीच नळी मेंढीच्या श्वासनळीत घातली आणि भिंतीआडचे थर पाहिले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. अंगठा जिथे थांबतो तिथून ते पुढे जातं.

चकती बाहेर काढा ना. उन्हात तीही मोरपिसासारखी लखलखते. वैद्यबुवा पुढे झुकतात. "शयरातून आले म्हन्ते तुमी. याच्यातून आतलं दिस्ते का?"

लेझर नाही, संगणक नाही, वीजसुद्धा नाही. तुम्ही मान हलवता. बुवा बाईला एवढंच सांगतात, "मीठ सोड माय, अन् पानी झिऱ्याचं पी." ती उठते, पदर सावरते, घागर कमरेवर घेते आणि सुजल्या पावलांनी गावच्या चंद्रभागा नदीच्या वाळूतल्या झिऱ्याकडे चालू लागते.