बिल्ला कोणासाठी? चपरास, बक्कल आणि बंदुकीचा परवाना

अमेरिकेत अंगावरच्या कपड्यांखाली पिस्तूल बाळगण्याचा परवाना मिळालेल्या नागरिकांसाठी धातूचे बिल्ले विकले जातात. दिसायला ते पोलिसांच्या बिल्ल्यासारखेच. ते वापरावेत की नाही, यावर तिथे वाद आहे. एक बाजू म्हणते, गडबडीच्या प्रसंगी पोलिसाने आपल्यालाच गुन्हेगार समजू नये म्हणून बिल्ला हवा. दुसरी म्हणते, असा बिल्ला लावणे म्हणजे पोलीस असल्याचा आव आणणे. मला या वादात रस वाटला तो अमेरिकेमुळे नव्हे. पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यात शस्त्र, परवाना आणि बिल्ला या तिन्ही गोष्टींचा इतिहास फार जुना आहे आणि तो वाचत गेलो तेव्हा या प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच सापडले.

या किनाऱ्यावरचा जुना शस्त्रपरवाना समुद्रावरचा होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कर्ताझ’ नावाची पद्धत आणली. आपल्या बंदरांतून निघणाऱ्या गलबताने पोर्तुगीज अधिकाऱ्याकडून कागद घ्यायचा. त्यावर गलबताचे नाव, तांडेलाचे नाव, कुठून कुठे जाणार, खलाशी किती आणि हत्यारे कोणती, हे लिहिलेले असे. कागद नसला की गलबत आणि माल जप्त. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक सुरू केले. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती घेतली. त्याआधी जानेवारीतच माहीम आणि तारापूरचे कोट मराठ्यांकडे आले होते. सत्ता बदलली, पण समुद्रावर परवाना मागण्याची रीत टिकली. तो परवाना शिडावर लावायचा नव्हता. अडवणाऱ्याला दाखवायचा होता. गलबतावर तोफ किती आहे हे साऱ्या समुद्राला कळावे, असा त्याचा हेतू नव्हता.

बिल्ल्याची कथा वेगळी आहे. कंपनी सरकारच्या काळात कचेरीतला शिपाई पट्ट्यावर पितळेची कोरीव पाटी बांधू लागला. तिला चपरास म्हणत आणि ती बांधणारा तो चपराशी. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाचा उगम अस्पष्ट असल्याचे म्हटले आहे. मुंबई इलाख्यात याच माणसाला पट्टेवाला म्हणत, अशीही नोंद तिथे आहे. पाटीवर कोरलेले असे ते कचेरीचे नाव, माणसाचे नव्हे. साहेबाचा पट्टेवाला गावात आला की कोंबड्या, गवत, वेठ यांची मागणी व्हायची ती त्या पितळेच्या जोरावर. अधिकार साहेबाचा, पण त्याची सावली पट्टेवाल्याबरोबर फिरत असे.

पोलिसाच्या कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलावरून मराठीत आणखी एक शब्द आला, ‘बक्कल नंबर’. आजही फिर्यादीत, पंचनाम्यात पोलिसाच्या नावापुढे ब. नं. लिहिलेला असतो. वरवर पाहता चपरास आणि बक्कल सारखेच. दोन्ही पितळेचे, दोन्ही पट्ट्यावरचे. पण काम उलटे. चपरास समोरच्याला सांगते, मी कोणाचा माणूस आहे. बक्कल नंबर समोरच्याच्या हातात काहीतरी देतो: या शिपायाने मला मारले, त्याचा नंबर अमुक. एक धाक घालण्यासाठी, दुसरा जाब विचारण्यासाठी. बंदुकीच्या परवानाधारकाला बिल्ला द्यायचा म्हटले तर तो यांपैकी कोणता होईल, हे आधी ठरवावे लागते.

त्यासाठी शस्त्र कायद्याकडे वळू. १८५७ नंतर हत्यारे काढून घेण्याचे कायदे झाले आणि १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत आला. परवान्याशिवाय शस्त्र घेऊन फिरणे गुन्हा ठरला. मात्र नियमांत सूट होती आणि ती गोऱ्यांना होती. म्हणजे त्या काळात शस्त्रासाठी बिल्ला लागत नव्हता. कातडीचा रंग हाच बिल्ला होता. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्यावर आक्षेप घेतला. पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांत वंशावरची ही उघड सूट गेली. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नमूद झाला. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी तो मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती नामंजूर झाली. तेव्हापासून आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, परवानगी आहे.

या परवानगीचे स्वरूप १९५९ च्या शस्त्र कायद्याने ठरवले. कलम १३ मध्ये पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा खास उल्लेख आहे. डुकरे आणि वानरे यांनी गांजलेल्या शेतकऱ्याला त्याचे महत्त्व सांगायला नको. कलम १९ माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. शस्त्र घेऊन जाणाऱ्याकडे पोलीस अधिकारी किंवा केंद्र सरकारने खास अधिकार दिलेला अधिकारी परवाना मागू शकतो. बाजारातला शेजारी, एसटीतला प्रवासी, वाटेवरचा जमाव मागू शकत नाही. कर्ताझचेच हे तत्त्व, चारशे वर्षांनंतर जमिनीवर आलेले.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी त्यात भर घातली. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे ते अंगाला बांधलेल्या म्यानात किंवा तशाच पिशवीत आणि पूर्ण झाकून. लग्नात, मिरवणुकीत, जत्रेत ते परजले किंवा झाडले तर परवाना रद्द. म्हणजे आपला कायदा सांगतो की शस्त्र दिसता कामा नये. मग ‘माझ्याजवळ शस्त्र आहे’ असे सांगणारा बिल्ला छातीवर लावायचा, तर झाकण्याचा अर्थ काय उरला? दाखवण्याची हौस किती महाग पडते हे बीडमध्ये दिसले. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला समाजमाध्यमांवर पिस्तुले मिरवणाऱ्यांच्या चित्रफिती गाजल्या आणि प्रशासनाला तिथल्या परवान्यांची छाननी करून अनेक परवाने रद्द करावे लागले.

तरीही बिल्ल्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि बोईसरच्या बाजारात बंदूकधारी माणूस दिसणे नवलाचे नाही. बँकेच्या दारातला दुनळी बंदूकवाला, रोकड नेणाऱ्या गाडीतला गनमॅन, पलीकडे १९६९ पासून चालू असलेले अणुवीज केंद्र आणि तिथले केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान. यातला सरकारी कोण, खासगी कोण, स्वतःच्या परवान्यावरची बंदूक घेऊन नोकरी करणारा कोण, हे सामान्य माणसाला कसे कळावे?

हा प्रश्न कायद्याने २००५ साली सोडवला आहे, पण परवानाधारकाला बिल्ला देऊन नव्हे. खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्यानुसार रक्षकाला छायाचित्र असलेले ओळखपत्र द्यावे लागते. केंद्राच्या २००६ च्या आदर्श नियमांत दंडावर संस्थेची खूण आणि छातीवर किंवा खांद्यावर हुद्द्याची खूण सांगितली आहे. आणि त्याच कायद्याने बजावले आहे की सैन्याच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा पोशाख केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खूण आहे ती नोकरीची, बंदुकीची नव्हे. नोकरी सुटली की खूण उतरते. भारतीय दंडसंहितेच्या कलम १७१ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये लोकसेवकासारखा पोशाख किंवा चिन्ह फसवण्याच्या हेतूने वापरणे गुन्हा आहे. चपरासीची सावली किती लांब पडते, हे १८६० साली दंडसंहिता लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते.

बिल्ल्यामुळे जीव वाचतील, हा युक्तिवाद राहतो. त्याची परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली आहे, आणि ती आठवणे सुखाचे नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावाजवळ दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला जमावाने ठार मारले. चोर फिरत असल्याच्या अफवांनी गावे रात्र-रात्र पहारा देत होती. गणवेशातले पोलीस तिथे पोहोचले होते. त्यांचे बिल्ले आणि बक्कल नंबर त्या तिघांना वाचवू शकले नाहीत. भेदरलेला जमाव अंधारात पितळ वाचत बसत नाही. तिथे एखादा खासगी पिस्तूलवाला छातीवर चकाकता बिल्ला लावून उभा राहिला असता, तर त्याला पोलीस समजले गेले असते किंवा तोतया. यातले काहीही झाले तरी पुढचे पाऊल गोळीबाराचेच होते.

दुसरी घटना रेल्वेमार्गावरची. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्स्प्रेसने पालघर स्थानक मागे टाकल्यावर चार जणांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यातला एक रेल्वे सुरक्षा दलाचा सहायक उपनिरीक्षक होता, तिघे प्रवासी. आरोपी त्याच दलाचा गणवेशातला शिपाई, शस्त्र सरकारी. बिल्ला शस्त्र कोणी दिले ते सांगतो. ते हाती असलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते सांगत नाही.

फेब्रुवारी २०२४ मधल्या दहिसरच्या हत्येने तर परवान्याचेच मर्म उघडे पाडले. वापरलेले पिस्तूल परवान्याचे होते, पण परवाना मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या नावावर. अंगरक्षकाच्या छातीवर बिल्ला असता तरी काय झाले असते? शस्त्र हात बदलते. बिल्ला ज्याच्या छातीवर आहे त्याच्याच छातीवर राहतो.

या साऱ्यावरून माझे मत असे झाले आहे की परवानाधारकाला बिल्ला देणे म्हणजे त्याला बक्कल नव्हे, चपरास देणे. बक्कल नंबरामागे एक ठाणे असते, वरिष्ठ असतो, हजेरीपट असतो. तक्रार कुठे करायची हे ठरलेले असते. खासगी परवानाधारकामागे यातले काहीच नाही. त्याला शस्त्र मिळाले आहे ते स्वतःच्या जिवाच्या रक्षणासाठी, इतरांवर हुकूम चालवण्यासाठी नव्हे. पितळेची पाटी त्याला नेमके तेच देईल, जे कायद्याने दिलेले नाही. आणि ज्या मुलखात पट्टेवाल्याची वेठ पिढ्यान्‌पिढ्या सोसली गेली, जिथल्या वारल्यांना १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उठावे लागले, तिथे आणखी एक अधिकाराची खूण वाटत फिरणे मला धोक्याचे वाटते.

बक्कलाचे काम, म्हणजे जाब विचारता येण्याचे काम, मात्र हवेच. ते छातीवर नव्हे, नोंदवहीत व्हावे. प्रत्येक परवान्याला आता राष्ट्रीय नोंदणीतला स्वतंत्र क्रमांक असतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतील, ही त्याच दुरुस्तीतली चांगली बाजू. पण सरकारची नजर परवान्यावर आता पाच वर्षांनी पडते. मधल्या काळात माणूस कर्जात बुडतो, दारूला लागतो, भावकीच्या जमिनीच्या वादात अडकतो. निवडणूक आली की छाननी करून शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात. तेवढीच एक वेळ, जेव्हा शस्त्र आणि त्याचा मालक दोघेही ठाण्यासमोर उभे राहतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला; त्याच्या नोंदी तुलनेने नव्या आणि आटोपशीर आहेत. दरवर्षी एकदा प्रत्येक परवानाधारकाने शस्त्र, काडतुसांचा हिशेब आणि स्वतःला घेऊन ठाण्यात यावे, एवढी साधी रीत इथे सुरू करता येईल. ठासणीवाल्या शेतकऱ्यासाठी ती तालुक्याच्या गावापर्यंत खेटे घालायला न लावता गावाजवळच्या चौकीत व्हावी, एवढी मात्र काळजी घ्यावी लागेल.