आरोपीचे घटनात्मक हक्क

गुन्ह्याचा आरोप झालेल्या, पण तो अद्याप सिद्ध न झालेल्या व्यक्तीला राज्यसंस्थेच्या अटक, चौकशी, कोठडी व शिक्षा या अधिकारांपासून राज्यघटनेने दिलेले संरक्षण. भारतात ते मुख्यतः अनुच्छेद 20, 21 व 22 मध्ये आहे. कृत्य घडले तेव्हा जो कायदा अस्तित्वात नव्हता, त्याखाली कोणालाही शिक्षा करता येत नाही. एकाच अपराधाबद्दल दोनदा खटला चालवून शिक्षा देता येत नाही. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही (अनुच्छेद 20). कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचे जीवित वा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावता येत नाही (अनुच्छेद 21). अटक झालेल्याला अटकेची कारणे कळवावी लागतात, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते (अनुच्छेद 22). अनुच्छेद 20 व 21 चे संरक्षण केवळ नागरिकांना नसून प्रत्येक व्यक्तीला, म्हणजे परकीयालाही आहे.

या तरतुदींमागे वसाहतकाळाचा अनुभव होता. जून 1897 मध्ये पुण्यात ब्रिटिश प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्यानंतर सरदार नातू बंधूंना मुंबई सरकारने 1827 च्या 25 व्या रेग्युलेशनखाली पकडले व खटला न चालवताच डांबून ठेवले. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात आरोप ठेवला गेला नाही, त्यामुळे तो खोडून काढण्याची संधीही त्यांना मिळाली नाही.

संविधान सभेपुढील मूळ मसुद्यात अमेरिकन घटनेतील ‘ड्यू प्रोसेस’ची, म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी होती. सभेचे सल्लागार बी. एन. राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांची भेट घेतली. निवडून आलेल्या विधिमंडळाचे कायदे न्यायाधीशांनी या कलमाच्या आधारे रद्द करणे लोकशाहीला मारक ठरेल, असे फ्रँकफर्टर यांचे मत पडले. अखेर जपानच्या नव्या घटनेतील ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ ही शब्दरचना स्वीकारण्यात आली आणि न्याय्यतेची अट गळाली. कायदा करून ठरवून दिलेली कोणतीही पद्धत चालेल, असा अर्थ त्यातून निघत होता आणि सभेत त्यावर कडक टीका झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये दोन्ही बाजूंचे धोके मांडले होते. 15 सप्टेंबर 1949 रोजी त्यांनी नवे कलम 15-अ मांडले आणि जे गमावले त्याची भरपाई म्हणून ते आणत असल्याचे स्पष्ट केले. तेच आजचे अनुच्छेद 22. आरोपीच्या हक्कांचा सर्वांत ठोस, रोज उपयोगी पडणारा भाग या भरपाईतून आला आहे.

न्यायालयांनी आरंभी अनुच्छेद 21 चा संकुचित अर्थ लावला. ए. के. गोपालन खटल्यात (1950) प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटल्याविना आधीच डांबून ठेवण्याच्या कायद्याचे एक कलम वगळता बाकीचा कायदा वैध ठरला; न्यायमूर्ती फझल अली यांनी भिन्न मत नोंदवले. आणीबाणीत या अर्थाची किंमत कळली. एडीएम जबलपूर खटल्यात (1976) पाचपैकी चार न्यायमूर्तींनी अंतर्गत सुरक्षा कायद्याखालील (मिसा) बंदिवानांना न्यायालयाचे दार बंद केले. एच. आर. खन्ना तेवढे वेगळे राहिले. 2017 मध्ये खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यातील हा निर्णय उलथवला. आता चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीमुळे आणीबाणीतही अनुच्छेद 20 व 21 स्थगित करता येत नाहीत.

खरे वळण जानेवारी 1978 मध्ये मनेका गांधी खटल्याने दिले. प्रक्रिया न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, ती मनमानी असेल तर तिला प्रक्रियाच म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. संविधान सभेने गाळलेली अट अशा रीतीने परत आली. त्याच वर्षीच्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने तुरुंगातील गरीब कैद्याला निकालपत्राची मोफत प्रत व अपिलासाठी वकील मिळण्याचा हक्क दिला. 1979 मध्ये हुसैनारा खातून खटल्यात बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची स्थिती उघड झाली: आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती, त्याहून अधिक काळ काही जण आत होते. वेगाने चालणारा खटला हा मूलभूत हक्क तेथून मानला गेला.

पोलीस कोठडीतील संरक्षणात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात पंधरा महिला कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. पोलीस कोठडीत आपल्याला मारहाण झाल्याचे त्यांतील पाच जणींनी सांगितले. बारसे यांच्या पत्रावरून 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांसाठी स्वतंत्र कोठड्या, त्यांवर महिला पोलिसांचा पहारा आणि छळाबाबत दंडाधिकाऱ्याने आरोपीला स्वतः विचारणे बंधनकारक केले. डी. के. बसू खटल्यात (1996) अटकेचा पंचनामा, नातेवाइकांना खबर व दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी असे नियम घालून दिले गेले. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत आणि कोठडीच्या सुनावणीच्या किमान दोन तास आधी ती त्याच्या हाती पडावीत, हा नोव्हेंबर 2025 चा निर्णयही महाराष्ट्रातील खटल्यातलाच. 1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली असून अटक, कोठडी व जामिनाचे नियम आता तीत आहेत.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यातील जिवंत पकडलेला पाकिस्तानी हल्लेखोर अजमल कसाब याच्या खटल्याने या हक्कांची कठोर परीक्षा घेतली. त्याचे वकीलपत्र घेऊ नये असा ठराव वकिलांच्या एका संघटनेने केला होता. तरी न्यायालयाने त्याला वकील दिला. 29 ऑगस्ट 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची फाशी कायम केली आणि त्याच निकालपत्रात देशभरातील दंडाधिकाऱ्यांना बजावले की, आरोपीला प्रथम समोर आणताच त्याला वकिलाचा हक्क सांगा, ऐपत नसेल तर सरकारी खर्चाने वकील द्या. पुराव्याच्या कसोटीवर याच खटल्यातील दोन भारतीय सहआरोपी मात्र निर्दोष ठरले. सर्वांत घृणास्पद गुन्ह्यातही आरोपी आणि गुन्हेगार यांतला फरक प्रक्रियेनेच कळतो, याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

सामान्य कायद्यात पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या 1999 च्या मोक्का कायद्याने याला अपवाद करून अधीक्षक वा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य मानला. 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात विशेष न्यायालयाने 2015 मध्ये बारा जणांना दोषी ठरवले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अशा जबाबांवर विश्वास ठेवण्यास नकार देऊन सर्व बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतील एक जण 2021 मध्येच बंदिवासात मरण पावला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत आधार म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. चुकीच्या वाटेने मिळवलेला जबाब आरोपीचे आयुष्य खातोच, शिवाय स्फोटात गेलेल्यांच्या कुटुंबांनाही खऱ्या उत्तरापासून दूर ठेवतो.

जामीन हा या हक्कांचा सर्वांत दुबळा दुवा होय. मोतीराम या गवंड्याला (1978) दहा हजारांचा जामीनदार मागण्यात आला आणि त्याच्या भावाची मालमत्ता शेजारच्या जिल्ह्यात असल्याने तीही नाकारली गेली; न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या बंधपत्रावर सोडले. देशातील तुरुंगांत आजही सुमारे तीन-चतुर्थांश माणसे कच्चे कैदी आहेत. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यासारख्या विशेष कायद्यांत तर दोषारोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत मिळू शकते आणि जामिनाची अट इतकी कडक आहे की, खटल्याआधीच शिक्षा भोगावी लागते.

प्रतिबंधक स्थानबद्धतेत अनुच्छेद 22 मधील वकिलाचा आणि 24 तासांचा नियम मुळीच लागू होत नाही. महाराष्ट्रात ‘एमपीडीए लावणे’ म्हणतात ते 1981 च्या अशाच कायद्याने. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून तीन महिन्यांपर्यंत डांबून ठेवण्याची मुभा घटनाच देते. ही मुदत दोन महिन्यांवर आणणारे आणि मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायला लावणारे कलम संसदेने 1978 मध्ये चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीत संमत केले. केंद्र सरकारने ते आजतागायत अंमलात आणलेले नाही.