वच्चकुटिवत्त : मलविसर्जनाचा विनय आणि सफाईचे उत्तरदायित्व

काही उपासक-उपासिकांसह आम्ही सह्याद्रीतील एका लेणीसमूहाच्या दर्शनास गेलो होतो. पायथ्यापासून चैत्यगृहापर्यंतची वाट अर्ध्या तासाची. परंतु त्या वाटेवर नजर खाली ठेवूनच चालावे लागत होते. झुडुपांच्या आडोशास, खडकाच्या कपारीत, इतकेच नव्हे तर भिक्खूंच्या एका निवासखोलीच्या मागे पाण्याच्या पोढीला लागूनच लोकांनी मलविसर्जन केलेले होते. आमच्यातील एक पदवीधर तरुण उद्वेगाने म्हणाला, "इथे साफ करायला कोणी माणूस ठेवलेला नाही का?" त्याचा उद्वेग योग्यच होता. परंतु "हे कोणी केले?" असे न विचारता "हे साफ करणारा कोठे आहे?" असे त्याने विचारावे, आणि तेही अशा समाजातील तरुणाने, ज्याच्या पूर्वजांनाच या देशाने पिढ्यान्‌पिढ्या त्या प्रश्नाचे उत्तर मानले, ही गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. या प्रश्नाला विनयपिटकाने दिलेले उत्तर वाचकांपुढे ठेवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय धम्मचर्चेस अनुचित आहे असे काहींना वाटेल. संगीतिकारांना तसे वाटले नाही. पालि पातिमोक्खात भिक्खूंसाठी २२७ नियम आहेत. त्यांपैकी सेखिय म्हणजे शिष्टाचाराचे नियम ७५ असून त्यांतील अखेरचे तीन मलमूत्रविसर्जनाविषयी आहेत. दर पंधरवड्याच्या उपोसथास संघ एकत्र जमून जे नियम उच्चारतो, त्यांत हे तीनही येतात. निरोगी भिक्खूने उभ्याने मलमूत्रविसर्जन करू नये, हा पहिला. हिरव्या वनस्पतीवर मल, मूत्र वा थुंकी टाकू नये, हा दुसरा. पाण्यात यांपैकी काहीही टाकू नये, हा तिसरा. श्रावस्ती येथे षड्‌वर्गीय भिक्खूंनी तसे केले, लोकांनी नापसंती व्यक्त केली आणि त्यावरून हे नियम घातले गेले, असे सुत्तविभंग सांगतो. पुढे आजारी भिक्खू संकोचू लागले. तेव्हा आजाऱ्यास या नियमांतून सूट देण्यात आली. जमिनीवर केलेल्या विसर्जनावरून नंतर पाणी वाहून गेले, तर त्यातही दोष मानलेला नाही. नियम कडक आहेत, परंतु हतबल माणसाला ते पेचात पकडत नाहीत.

भिक्खुनींच्या पाचित्तिय नियमांतील आठवा व नववा हे दोन्ही याच विषयाचे आहेत. त्यांतील पहिल्याची निदानकथा मोठी बोलकी आहे. एक ब्राह्मण राजसेवेतील पद मागण्यासाठी डोक्यावरून स्नान करून राजवाड्याकडे निघाला होता. भिक्खुनींच्या निवासाजवळून जात असता एका भिक्खुनीने भांड्यातील मल भिंतीपलीकडे फेकला आणि तो नेमका त्याच्या मस्तकावर पडला. संतापाने तो जळते लाकूड घेऊन निवास पेटविण्यास निघाला. एका उपासकाने हा शुभशकुन असल्याचे सांगून कशीबशी त्याची समजूत घातली. कथेत विनोद आहे, परंतु तात्पर्य गंभीर आहे. भिंतीपलीकडे मल, मूत्र, केरकचरा वा उष्टे फेकणे हा अपराध ठरला. मात्र पाहून टाकले, किंवा जेथे कोणाचा वावर नाही अशा जागी टाकले, तर अपराध नाही. दुसरा नियम शेजारच्या ब्राह्मणाच्या जवाच्या शेतात घाण टाकल्यावरून झाला. आपल्या भिंतीच्या आत स्वच्छता आणि बाहेर उकिरडा, ही वृत्ती विनयाने अशी स्पष्ट शब्दांत नाकारली आहे.

आता चुल्लवग्गाकडे वळू. त्याच्या पाचव्या खंधकात शौचव्यवस्था कशी घडत गेली याचा क्रम नोंदविलेला आहे. प्रारंभी भिक्खू आरामात कोठेही विसर्जन करीत. आराम दूषित झाला, तेव्हा एका बाजूस जागा नेमली गेली. दुर्गंधी आली, तेव्हा मूत्रासाठी कुंभ आणि मलासाठी वच्चकूप म्हणजे शौचकूप यांस अनुज्ञा मिळाली. कूपाचा काठ ढासळू लागला, म्हणून तो बांधून काढला. पाणी शिरू लागले, म्हणून जोते उंच केले. काठावर बसणारे आत पडू लागले, म्हणून वर फरशी घालून मध्ये छिद्र ठेवले आणि पाय ठेवण्यास वच्चपादुका बसविल्या. उघड्या कूपातून दुर्गंधी येई, म्हणून झाकण आले. ऊन-थंडीसाठी आडोसा आला, दार आले, चीवर टांगण्यास दांडी आली. एक जराजर्जर भिक्खू उठताना पडला, म्हणून धरून उठण्यासाठी दोर टांगण्यास संमती मिळाली. निदानकथा मूळ नियमांहून उत्तरकालीन असू शकतात, हे अभ्यासकाने ध्यानात ठेवलेच पाहिजे. तथापि संघाला स्वतःविषयी काय स्मरणात ठेवावेसे वाटले, याचा त्या निश्चित पुरावा आहेत. येथे एकही नियम मंत्र वा विधी यांच्या आधारे दिलेला नाही. प्रत्येकाचे कारण कोणाची तरी प्रत्यक्ष अडचण हेच आहे.

यापुढील विचार आठव्या खंधकात, म्हणजे वत्तक्खंधकात येतो. वत्त म्हणजे नित्याचे कर्तव्य. शौचगृहासंबंधीच्या कर्तव्यांना 'वच्चकुटिवत्त' अशी संज्ञा आहे. त्याच्या निदानातील पहिला प्रसंग आमच्या वाचकांनी विशेष लक्षपूर्वक पाहावा. ब्राह्मण जातीत जन्मलेला एक भिक्खू शौचानंतर पाण्याने स्वच्छता करीत नसे. या 'वसल' व दुर्गंधीयुक्त गोष्टीला स्पर्श कोण करणार, असा त्याचा प्रश्न होता. परिणामी त्याच्या गुदद्वारी कृमी झाले. 'वसल' हा शब्द पालि साहित्यात नीच ठरविलेल्या मनुष्यासाठी येतो. सुत्तनिपातातील वसलसुत्त प्रसिद्धच आहे. जन्माने मनुष्यांना अस्पृश्य मानण्याचा संस्कार इतका खोल गेला होता, की हा गृहस्थ स्वतःच्याच देहाला अस्पृश्य मानू लागला. शुद्धतेच्या अहंकाराने त्याला अस्वच्छ केले. पाणी उपलब्ध असता शौचानंतर स्वच्छता केलीच पाहिजे, असा नियम तथागतांनी घालून दिला. शुद्धता आणि स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका कथेने जितके स्पष्ट होते तितके अनेक प्रबंधांनी होणार नाही.

दुसरा प्रसंग ज्येष्ठतेचा. संघात वंदन, आसन इत्यादी गोष्टी उपसंपदेच्या ज्येष्ठतेनुसार चालत. शौचगृहातही तोच क्रम पाळला जाऊ लागला. नवदीक्षित भिक्खू आधी येऊन तिष्ठत राहत आणि वेग रोखल्यामुळे मूर्च्छित होऊन पडत. तेव्हा जो आधी येईल तो आधी जाईल, असा नियम झाला. देहधर्मापुढे ज्येष्ठ-कनिष्ठ भाव टिकत नाही, हे येथे मान्य केले आहे.

तिसऱ्या प्रसंगानंतर तपशीलवार वत्त सांगितले आहे. बाहेर उभे राहून खाकरावे, आत असलेल्यानेही प्रतिसादादाखल खाकरावे, घाईने शिरू नये, पुसण्याची काडी कूपात टाकू नये, आचमनपात्रात पाणी शिल्लक ठेवू नये, असे त्याचे स्वरूप आहे. परंतु या वत्ताचा कणा अखेरीस येतो. शौचगृह घाण झालेले असेल तर ते धुवावे. काड्यांची टोपली भरली असेल तर रिकामी करावी. केर असेल तर झाडावे. पाण्याचा कुंभ रिता असेल तर भरून ठेवावा. हे कोणी करावे? जो वापरील त्याने. ही घाण माझी नव्हे, असे म्हणण्यास वाव ठेवलेला नाही. क्षत्रिय कुळातून आलेला असो वा नापिताच्या घरातून आलेला असो, वत्त सर्वांना एकच.

या वत्ताचे पालन खरोखर होत असे काय? पाचित्तियातील एक कथा उत्तर देते. अनुपसंपन्न व्यक्तीबरोबर एका छताखाली निजू नये, असा नियम झाल्यामुळे कोसंबीच्या बदरिकारामात भिक्खूंनी श्रामणेर राहुलास निवास दिला नाही. त्याने वच्चकुटीत रात्र काढली. पहाटे तथागत तेथे आले व खाकरले. आतून राहुलही खाकरला. विचारपूस झाली, आणि नियम शिथिल करून दोन-तीन रात्रींची मुभा देण्यात आली. रात्र काढता येईल इतके ते स्थान स्वच्छ होते, आणि तेथे निजल्याने राहुल विटाळला असे कोणीही म्हटले नाही.

महावग्गातील प्रसंग तर सर्वश्रुत आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. त्याने इतरांसाठी काही केले नव्हते, म्हणून इतरही त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी पाणी ओतले, आनंदांनी धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवले. हा नुसत्या करुणेचा दाखला नव्हे. संघाचा शास्ता ज्या कामास स्वतः हात लावतो, ते काम हीन कसे ठरेल?

याची तुलना ब्राह्मणी धर्मशास्त्राशी करताना न्याय सोडता कामा नये. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातही रस्त्यावर, नांगरलेल्या जमिनीवर व पाण्यात मलमूत्रविसर्जन निषिद्ध मानले आहे. म्हणजे सार्वजनिक स्वच्छतेची जाणीव तेथे नव्हती, असे म्हणता येत नाही. भेद अन्यत्र आहे. पाचव्या अध्यायात शौचानंतर किती वेळा माती लावावी याची मोजदाद असून ती ब्रह्मचाऱ्यास दुप्पट, वानप्रस्थास तिप्पट व यतीस चौपट सांगितली आहे. चिंता आहे ती कर्त्याच्या शुद्धतेची. मागे उरलेली घाण कोणी काढावी याचे उत्तर नारदस्मृती देते. दार, शौचस्थान व रस्ता झाडणे, उष्टे आणि मलमूत्र उचलणे यांना तिने अशुभ कर्म म्हटले आणि ते दासांकडे सोपविले. विनयात जे वत्त आहे, ते स्मृतीत दास्य झाले. पुढे जातिव्यवस्थेने तेच जन्माशी जखडले.

विहारांत सेवक नव्हते, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. राजगृह येथे पिलिन्दवच्छ लेण्यासाठी कडा साफ करवीत असता बिंबिसाराने त्यांना आरामिक म्हणजे सेवक देऊ केला, असे विनयातच नमूद आहे. परंतु सेवक असूनही वच्चकुटिवत्त भिक्खूंच्या माथ्यावरून उतरविण्यात आले नाही, ही बाब निर्णायक आहे. ज्यांच्यावर समाजाने हे काम लादले होते त्यांना संघाचे दार उघडे होते. निर्माल्य व केरकचरा काढणारे सुनीत अर्हत झाले, त्यांच्या गाथा थेरगाथेत आहेत आणि बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांचे स्मरण केले आहे. ही परंपरा दीर्घकाळ टिकली. सातव्या शतकात नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने आपल्या वृत्तांतात या विषयास स्वतंत्र प्रकरण दिले आहे.

वसल कथेतील त्या भिक्खूची वृत्ती विसाव्या शतकातही मावळली नव्हती. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण व गोमूत्र यांसह पंचगव्याच्या १०८ घागरी त्याच तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले. पाण्यात मलमूत्र टाकू नये हा सेखिय नियम आणि पाण्यात शेण-गोमूत्र ओतून केलेली शुद्धी, या दोहोंमधील अंतर हेच दोन संस्कृतींमधील अंतर होय. १९४५ साली काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात बाबासाहेबांनी भंगीकामाच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली. भारतात मनुष्य कामामुळे भंगी ठरत नाही, जन्मामुळे ठरतो, हे त्यांचे मर्मभेदी प्रतिपादन होते. काम थोर आहे असे सांगून ते त्याच माणसांकडे ठेवणे हा त्या गौरवाचा खरा अर्थ होता. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक व्यापक कायदा झाला. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम ३० लाख करण्यात आली. भरपाई वाढवावी लागते, याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

म्हणूनच त्या लेणीच्या वाटेवरील प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी चैत्यभूमीस लाखो लोक येतात. तेथे तात्पुरती शौचालये उभारली जातात, आणि अस्वच्छतेची कुजबुजही दरवर्षी होते. त्या कुजबुजीत जातीचा अहंकार असतो, हे आम्ही जाणतो. एवढ्या जनसमुदायास पुरेशी शौचालये व पाणी मागणे हा आपला हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. वृद्ध, बालके, आजारी यांच्यावर कोणी बोट ठेवू नये, विनयानेही ठेवलेले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे ती वाळू झाडण्यास जे हात येतात ते बहुधा आपल्याच बांधवांचे, आपल्याच भगिनींचे असतात. आपण मागे ठेवलेली घाण फिरून आपल्याच माणसाच्या हाती जाते, हे विसरता येणार नाही.

लेणीदर्शनास जाणाऱ्या उपासकांनी पायथ्याशी शौचालय असेल तर त्याचाच उपयोग करावा. डोंगरावर निकड आलीच, तर वाट, पोढी व ओढा यांपासून किमान दोनशे फूट दूर, लेणीच्या परिसराबाहेर, वीतभर खोल खड्डा करून तो मातीने बुजवावा. भूमी खणणे भिक्खूस निषिद्ध आहे, उपासकास नाही. कागद, बाळाचे लंगोट इत्यादी न कुजणाऱ्या वस्तू पिशवीत घालून परत आणाव्यात. कोणाबरोबर पाळीव कुत्रा असेल तर त्याची घाण उचलणे हे त्याच्या धन्याचेच वत्त होय.

त्या दिवशी वंदनेनंतर आम्ही त्या तरुणास वच्चकुटिवत्ताचा अर्थ सांगितला. तो काही बोलला नाही. खाली येऊन त्याने गाडीतील कुदळ व बादली घेतली आणि तो पुन्हा पोढीकडे चढू लागला. आमच्यातील चौघे-पाचजण त्याच्यामागून गेले.