न्याहारी आणि नाश्ता : श्रीरामपूर परिसराच्या निमित्ताने

सकाळी पोटभर खाण्याची रीत आपल्याकडे इंग्रजांबरोबर आली, आपले पूर्वज दोनच वेळा जेवीत, असे विधान सुशिक्षितांच्या बैठकीत वारंवार ऐकू येते. दोन वेळच्या भोजनाचा दंडक स्मृतिग्रंथांत आहे, हे खरे. पण तो द्विजांना उद्देशून सांगितलेला आहे, नांगर धरणाऱ्याला नव्हे. कष्टकऱ्यांच्या आहाराचा इतिहास ग्रंथांत फारसा सापडत नाही. तो शब्दांतून शोधावा लागतो.

श्रीरामपूर तालुक्याच्या खेड्यांत ‘न्याहारी’चा उच्चार ‘न्यारी’ असा होतो. पहाटे औत जुंपावे, उन्हे थोडी वर आली की घरून भाकरी, ठेचा, कांदा आणि ताक यावे, बैलांनाही तेवढीच उसंत मिळावी, असा हा क्रम होता. म्हणून न्याहारी हे जसे अन्नाचे नाव, तसेच वेळेचेही. घड्याळ नसलेल्या घरात ‘न्यारीच्या वक्ताला’ म्हटले की पुरे होई.

हा शब्द फारसीतून आला. फारसीत ‘नाहार’ म्हणजे सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. पुढे हा उपास मोडणाऱ्या अन्नालाच ते नाव मिळाले, आणि आजच्या इराणात तर ‘नाहार’ म्हणजे दुपारचे जेवण. गंमत अशी की ‘नाश्ता’ही फारसीच असून त्याचाही मूळ अर्थ उपाशी असाच आहे. इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतील शब्दही उपास मोडण्याच्या कल्पनेवर उभे आहेत. आपल्याकडे त्या रिकाम्या अवस्थेला ‘अनशापोटी’ हा शब्द आहे. मात्र आपण तो औषध घेण्याच्या संदर्भातच अधिक वापरतो. तात्पर्य, रात्रीच्या दहाबारा तासांच्या लंघनानंतर शरीराला अन्न हवे असते, ही जाणीव एकट्या इंग्रजांची नव्हती.

मग दोन्ही शब्दांत फरक कसा पडला? त्याचे उत्तर या गावाच्या घडणीत मिळते. 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि बेलापूरच्या स्थानकाभोवती नवी वस्ती वाढली. तीच पुढे श्रीरामपूर झाली. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, हरेगाव व टिळकनगर येथे खाजगी साखर कारखाने उभे राहिले आणि 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला. पाळीच्या कामाला सूर्य नव्हे, भोंगा वेळ सांगतो. स्थानक, बाजारपेठ व कारखाना यांच्या आसऱ्याने चहा, पोहे, भजी यांचा जो आहार रूढ झाला, त्याला ‘नाश्ता’ म्हणतात. न्याहारी शेतावर राहिली. माझ्या मते यात प्रतिष्ठेची वाढ झाली, पोषणाची झाली असे म्हणता येत नाही. बाजरीच्या भाकरीतील लोह व प्रथिने, ताक आणि शेंगदाण्याची चटणी यांची जागा गोड चहा आणि दोन बिस्किटे यांनी घेतली, तर सातच्या शाळेत बसलेल्या मुलाचे लक्ष तिसऱ्या तासाला कुठे असेल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

शासनाने 1995 मध्ये शालेय पोषण आहाराची योजना आणली. ती दुपारच्या भोजनाची होती. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळेत सकाळच्या पौष्टिक खाण्याचीही शिफारस केली आणि तमिळनाडूने 15 सप्टेंबर 2022 पासून प्राथमिक शाळांत त्यासाठी योजना सुरू केली.

इकडे ऊसतोडीच्या हंगामात फडालगत कोप्या पडतात. कोयता घेऊन नवराबायको अंधारातच निघतात. फडात सोडावयाच्या भाकरीला ते न्यारीच म्हणतात. ती पहाटेच थापून फडक्यात बांधलेली असते. मागे कोपीवर राहिलेल्या मुलांसाठी तीतली एखादी झाकून ठेवतात, आणि थोरली मुलगी धाकट्यांना ती वाटून देते.